तुमच्या शेजारची जागा

अप्पा, आईला तुमच्या शेजारी आणून ठेवीन असं मी तुम्हाला फोनवर म्हटलं होतं. ते होणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकून घ्याल. ही तुमचीच पद्धत. गिऱ्हाइकाला खाट ठरल्या वेळी मिळणार नसेल, तर तो दुकानाची पायरी चढत असतानाच तुम्ही सांगायचात, "झाली नाही, पुढच्या आठवड्यात घेऊन जा," आणि मग त्याला बसवून चहा पाजायचात. तो बिचारा चिडायचं विसरायचा. मला तुम्हाला चहा पाजता येत नाही, पण सगळं पहिल्यापासून सांगते.

तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. तेव्हा मला मेलबर्नला येऊन तीनच वर्षं झाली होती आणि हॉस्पिटलमधली नोकरी नुकती कायम झाली होती. माझं काम काय असतं ते मी तुम्हाला फोनवर दोनदा समजावून सांगितलं होतं. म्हातारी माणसं हॉस्पिटलमधून घरी जायच्या आधी आम्ही त्यांच्या घरी जातो, खुर्चीची उंची मोजतो, पलंगाची मोजतो, बाथरूममध्ये धरायला दांडा कुठे लावायचा ते ठरवतो, आणि जे त्या माणसाला बसत नाही ते बदलायला लावतो. पहिल्या वेळी तुम्ही नुसतं हं हं केलंत. दुसऱ्या वेळी म्हणालात, "म्हणजे माझंच काम. फक्त रंधा मारायचा नाही." मला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी टी-रूममध्ये मी सगळ्यांना सांगितलं. रंधा म्हणजे काय ते हातवारे करून दाखवावं लागलं, त्यात गंमत निघून गेली, पण सगळे हसले.

त्यानंतर आलेला फोन शेवटचा. रविवार होता. छातीत दुखतंय याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. तिकडे थंडी किती, जावईबापू कसे आहेत, हे विचारून झालं आणि मग त्याच सुरात म्हणालात, "एक काम सांगून ठेवतो. आपल्या लोकांच्या भूमीत लिंबाच्या झाडाजवळ दोघांपुरती जागा सांगून ठेवली आहे. माझं काही नाही, मी इथेच आहे. पण तुझ्या आईला, तू कुठेही असलीस तरी, आणून माझ्या शेजारी ठेव." मी म्हटलं, "अप्पा, सकाळी सकाळी हे काय?" तुम्ही म्हणालात, "हो म्हण." मी हो म्हटलं. गुरुवारी तुम्ही गेलात. आपल्यात वाट बघत नाहीत. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं, आणि मी सोलापूरला पोचले ती शनिवारी. लिंबाजवळ ओल्या मातीचा उंचवटा होता, वर बेलाची पानं सुकायला लागली होती. तुम्ही त्या मातीखाली बसलेले आहात एवढं मला माहीत होतं. पण किती खाली, तोंड कुठल्या बाजूला, हातात काय, अंगावर कुठला सदरा, यातलं काहीच माहीत नव्हतं. आईला विचारायचा धीर झाला नाही आणि तिने सांगितलं नाही. पुढे कित्येक वर्षं पेशंटच्या घरी खुर्ची मोजताना मला मधेच तो उंचवटा दिसायचा.

माणूस गेल्यावर त्याला बसवून नेतात हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि ते तुमच्यामुळे. मी नऊ वर्षांची असेन. समाजाची जुनी खुर्ची मोडली म्हणून नवी करायचं काम तुमच्याकडे आलेलं. दुकानामागच्या कारखान्यात ती अर्धी झालेली उभी आहे, दोन्ही बाजूंना खांद्यावर घ्यायचे दांडे, पाठ उंच, पॉलिश व्हायचं बाकी. सरसाचा वास सुटला आहे. मी भुश्शातून अनवाणी जाते आणि त्या खुर्चीत बसते. मिस्त्री ओरडतात, "ए, उठ उठ, त्यात बसू नये." तुम्ही कानामागची पेन्सिल काढत येता आणि म्हणता, "बसू दे. पाठ टेकते का बघ गं. सरळ बस. आता डोकं मागे सोड." मी डोकं मागे सोडते. तुम्ही माझ्या मानेमागे बोटं घालून बघता. "माणूस घसरला तर उचलणाऱ्यांची फजिती होते," असं मिस्त्रींना सांगता, आणि मग एक दांडा तुम्ही, एक मिस्त्रींनी धरून मला घेऊन कारखान्याच्या आवारात दोन फेऱ्या मारता. मी हात हलवत हसत होते. पिठाचे हात घेऊन आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिने आपली एकुलती एक मुलगी मयताच्या खुर्चीतून मिरवताना पाहिली. दोन दिवस ती तुमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही तिला पोळपाट करून दिलात, तोही तिने आठवडाभर वापरला नाही.

आणि दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल तुम्ही मला बोललात ती. मी सातवीत असताना आपल्या गल्लीतून एका आजोबांना वाजतगाजत नेलं, फुलांनी मढवून, बसवून. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ते पाहिलं आणि विचारलं, "तुमच्यात असं करतात? मातीत बसवतात?" मी म्हटलं, छे, ते वेगळे लोक, आमच्यात जाळतात. तिची आई पाळणा बघायला दुकानात आली तेव्हा बोलता बोलता ते तुमच्यापर्यंत पोचलं. तुम्ही मला कारखान्यात बोलावलंत. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "खोटं सगळेच बोलतात, त्याचं मला काही नाही. पण लाजलीस कशाला? कुणी जाळतं, कुणी पुरतं. आपण बसवतो. कुणी विचारलं तर सांगायचं, खुर्चीची उंची सांगतो तसं, सरळ." तुम्ही पुन्हा करवत चालवायला घेतलीत, म्हणजे जा.

आई माझ्याकडे आली त्याला आता अकरा वर्षं झाली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि सोलापूरच्या घरात एकटीने राहणं संपलं. येताना ती रडली वगैरे नाही. इथे आल्यावर महिन्याभरात तिने डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवरच्या दुकानदाराला शेंगदाणे कसे भाजलेले हवेत ते शिकवलं. शेजारच्या पंजाबी आजींशी ती स्वतःच्या हिंदीत बोलते, त्या त्यांच्या हिंदीत उत्तर देतात, दोघी अर्धा अर्धा तास फाटकापाशी उभ्या असतात. बसचा ड्रायव्हर तिला बघून पायरी खाली करतो आणि ती त्याला "नो वरीज" म्हणते, खरं तर म्हणायचं असतं थँक यू. गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. आठ दिवस ती माझ्याच हॉस्पिटलमध्ये होती, आणि त्या आठ दिवसांत मी तुम्हाला दिलेला शब्द आठवून माहिती काढली. इथून तिथे न्यायचं तर कुणाची परवानगी, किती दिवस, कुठले कागद. सगळं छापून एका फोल्डरमध्ये घातलं आणि फोल्डर कपड्यांच्या कपाटात वर ठेवलं. आई बरी होऊन घरी आली. माझ्या कपाटातून शाल काढायला गेली तेव्हा तो फोल्डर खाली पडला. तिला इंग्रजी वाचता येत नाही असं मी अजूनही धरून चालते, पण "सोलापूर" आणि स्वतःचं नाव तिला कुठल्याही लिपीत कळतं. तिने तो उचलून जागेवर ठेवला. मी दारातून पाहिलं आणि चहा टाकायला गेले.

तुमची नात तुम्ही पाहिली नाहीत. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी ती झाली. आता युनिव्हर्सिटीत आर्किटेक्चर शिकते, आणि गेलं एक सेमिस्टर रोममध्ये होती. तिचं सेमिस्टर संपताना आम्ही तिला आणायला जायचं ठरवलं. तुमच्या जावयांना रजा मिळाली नाही, म्हणून मी आणि आई. आईला एवढा प्रवास झेपेल का, यावर जीपीने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरने, माझ्याकडे बघून आईला विचारलं आणि आईने त्याच्याकडे बघून मला सांगितलं, "त्याला म्हण, मला विमानात नुसतं बसायचं आहे, चालायचं नाही." रोममध्ये दोन दिवस चर्च आणि कारंजी झाली. तिसऱ्या दिवशी नात म्हणाली, "आजी, टुमारो आय वॉन्ट टु शो यू माय फेव्हरिट प्लेस. इट्स ऑल ग्रेव्ह्ज. लाइक अ होल सबर्ब." मी मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "एवढ्या लांब आणून मला स्मशानात नेतेस होय गं?" आणि सकाळी सगळ्यांच्या आधी साडीवर स्नीकर्स घालून तयार बसली.

गावाचं नाव चेर्वेतेरी. रोमहून ट्रेनने तासभर, पुढे बस, आणि मग टॅक्सी. रोमचं राज्य व्हायच्या आधी तिथे इट्रस्कन नावाचे लोक राहायचे. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांची घरं मातीची आणि लाकडाची होती, ती गेली. मेलेल्यांसाठी त्यांनी डोंगराचा मऊ दगड पोखरून घरं केली, ती राहिली. वरून पाहिलं तर गवत उगवलेले मोठमोठे गोल ढीग, एकामागे एक, मधून रस्ते, चौक, रस्त्यात बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. एका बाजूला बुटक्या, सारख्या मापाच्या दारांची रांगच आहे. आई ती रांग बघून म्हणाली, "हे आपल्या हुडको कॉलनीसारखं झालं." नातीला हुडको म्हणजे काय ते सांगितलं तर ती खूश झाली. नंतरच्यांना जागा कमी पडायला लागली म्हणून त्यांनी खरोखरच एका मापाची घरं रांगेत बांधली, असं ती म्हणाली.

एका ढिगाच्या आत आम्ही उतरलो. पायऱ्या झिजलेल्या, एक उंच एक बुटकी, धरायला काही नाही. माझ्या कामाच्या हिशेबाने मी आईला तिथे उतरवणं म्हणजे नोकरी जायची गोष्ट. तिला उलटं वळवलं, शिडी उतरतात तसं, मी खालून तिचा पाय धरून एकेका पायरीवर ठेवत गेले, आणि नात वरून दोन्ही हात धरून. आत गारवा होता, ओल्या मातीचा वास होता. डोळे सरावले आणि अप्पा, मला तुमचा कारखाना दिसला. छताला तुळया, पण दगडाच्या. दाराला चौकट, दगडाची. खोलीच्या दोन्ही भिंतींना खाटा, दगडाच्या, आणि त्यांचे पाय लेथवर काढावेत तसे गोलाईचे, मधे बारीक, खाली पुन्हा जाड. उशीसुद्धा कोरलेली, आणि उशीत डोकं टेकायला खळगा. त्या खळग्यात मी न राहवून हात नेला, लावला नाही, वरच्यावर धरला. तुम्ही माझ्या मानेमागे बोटं घालून बघितलं होतं तसं कुणीतरी तिथे नक्की बघितलं असणार. खाटांची उंची साधारण अठरा इंच. बरोबर आहे, अठराच हवी. नातीने सांगितलं की पलीकडच्या एका थडग्यात खुर्च्याही आहेत, गोल पाठीच्या, पाय ठेवायला पाट असलेल्या, त्याही दगडात कोरलेल्या, खडकापासून न सुटलेल्या.

मी हे सगळं बघत असताना आई एका खाटेच्या कडेला बसून मोकळी झाली होती. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, ती दमली की बसते, जागा कुणाची ते विचारत नाही. तेवढ्यात पायऱ्यांवरून तिथला राखणदार आला, पन्नाशीचा, गळ्यात ओळखपत्र. तो इटालियनमध्ये काहीतरी बोलला. नात लगबगीने माफी मागायला लागली. त्याने आईकडे पाहिलं, साडीकडे, स्नीकर्सकडे, आणि दोन वाक्यं बोलला. नात म्हणाली, "तो म्हणतोय, शी कॅन सिट. फाइव्ह मिनिट्स. पण वॉलला टच नको." आईने त्याला नमस्कार केला. मग नातीला म्हणाली, "त्याला विचार, ही खाट बाईची का पुरुषाची."

त्याला तो प्रश्न आवडला असावा, कारण तो आत आला आणि दाखवायला लागला. गोल पायांची खाट पुरुषाची. समोरच्या भिंतीची, जिच्या दोन्ही टोकांना घराच्या छपरासारखा त्रिकोण आहे, ती बाईची. नवरा-बायको एका खोलीत, मुलं बाहेरच्या लहान खोल्यांत. म्हणजे आई पुरुषाच्या खाटेवर बसली होती. ती उठली नाही. "आणि आता कुठे आहेत ते?" तिने विचारलं. नातीने भाषांतर केलं. राखणदाराने हात पसरले. कुणी नाही. पहिल्यांदा चोर आले, सोनं नेलं. मग शहाणी माणसं आली, भांडी नेली, ती वेगवेगळ्या देशांच्या म्युझियममध्ये आहेत. हाडांचं म्हणाल तर काहींची माती झाली, काही पेट्यांत घालून नेली, नवऱ्याची कुठे, बायकोची कुठे, सांगता येत नाही. आई ऐकत होती. ती समोरच्या छपराच्या खाटेकडे बघत म्हणाली, "म्हणजे एवढं दगडात कोरून शेजारी ठेवलं, तरी शेजारी राहिले नाहीत."

याचं नातीने भाषांतर केलं नाही. राखणदार वर निघून गेला. मग आई माझ्याकडे वळली. "तुझ्या कपाटातला तो फोल्डर," ती म्हणाली, "फाडून टाक."

मी म्हटलं, "आई, अप्पांनी मला सांगितलं होतं."

"माहीत आहे मला काय सांगितलं होतं. फोनपाशीच उभी होते की मी. तुला हो म्हणायला लावलं. मला विचारलं नाही." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, अप्पा. दूध नासलं हे सांगावं तसं सांगत होती. "तेव्हा विचारलं असतं तर हो म्हटलं असतं. लिंबाखाली सावली आहे, चांगली जागा आहे. पण आता तिथे माझं कोण आहे? तू वर्षाला येणार, दोन तास उभी राहणार, विमान पकडणार. ही तर ते सोलापूर कुठे आहे तेसुद्धा विसरेल."

"आय वोन्ट," नात म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना ती इंग्रजीवर जाते.

"विसर की, काही बिघडत नाही," आई तिला म्हणाली, आणि मग मला, "मला तुझ्या जवळ ठेवा. तुला गाडी पार्क करता येईल अशा ठिकाणी." मग म्हणाली, "जाळू नका तेवढं. तिकडे सगळे तेच करतात, सोपं पडतं म्हणून. मला मातीच हवी."

आणि तिथेच, त्या खाटेवर बसून, तिने मला तुमचा दिवस सांगितला, मी न विचारता. तुमच्या अंगावर मी पाठवलेला निळा चौकडीचा शर्ट घालायचं तिच्या मनात होतं, पण म्हाताऱ्या मंडळींनी पांढराच हवा म्हटलं, तेव्हा तिने तो घडी करून तुमच्या मांडीवर ठेवला. डाव्या तळहातात इष्टलिंग, कपाळाला विभूती. तुम्हीच केलेल्या खुर्चीतून नेलं. पाठ बरोबर टेकली होती. खड्ड्याच्या भिंतीत तुम्हाला बसवायचा कोनाडा खणला होता, तो मात्र बुटका झाला, तुम्ही उंच, आणि खणणाऱ्याने मापच घेतलं नव्हतं. डोकं आत जाईना. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा मिस्त्री कुणाला न विचारता खड्ड्यात उतरले, एका पोराला घरी धाडून लाकूड तासायचा वाकस मागवला आणि वरची माती तासायला लागले. तासताना रडत होते आणि त्या खणणाऱ्याला शिव्या देत होते. "चार बोटं कमी आहे, चार बोटं," असं म्हणत होते. "मग बसले नीट," आई म्हणाली. "तोंड लिंबाकडे." हे सांगता सांगता ती हसायला लागली, डोळे पुसत हसत राहिली, "आयुष्यभर दुसऱ्याची मापं घेतली माणसाने." नात तिला चिकटून त्या पुरुषाच्या खाटेवर बसली होती. मी त्या दोघींसमोर जमिनीवर बसले. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. वरून कुणी आलं नाही.

बावीस वर्षं मला जे हवं होतं ते मला तिथे मिळालं, त्या परक्या लोकांच्या खोलीत. आता तो उंचवटा मला उंचवटा दिसत नाही. तुम्ही दिसता, नीट टेकून बसलेले, मांडीवर चौकडीचा शर्ट. म्हणून मी ठामपणे सांगते आहे. मी शब्द मोडते आहे हे खरं. पण ज्या माणसासाठी करायचं त्याला विचारून करायचं, उंची त्याची घ्यायची, हे तुम्हीच मला शिकवलंत. रोज दुसऱ्यांच्या घरी मी तेच सांगते. मुलं म्हणतात, आम्ही आईसाठी छान खोल गादीचा सोफा आणला आहे, आणि त्या आईला त्यातून उठता येत नाही. मी सोफा बाहेर काढायला लावते. तुमचा लिंब तसाच आहे, अप्पा. चांगल्या मनाने आणलेला.

परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी इथल्या दफनभूमीच्या ऑफिसात गेले. आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटं, पार्किंग भरपूर. टेबलापलीकडे माझ्याच वयाची एक बाई होती. तिने विचारलं, तुमच्या पद्धतीप्रमाणे काही खास लागतं का? मी सांगितलं, आमच्यात बसवून पुरतात. ती म्हणाली, "सिटिंग अप?" मी म्हटलं, हो, मांडी घालून, पाठ टेकून, हातात आमचा देव, आणि तोंड झाडाकडे असलं तर उत्तम. एकही शब्द मी गिळला नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस टायपिंग थांबवून ऐकायला लागला, त्यालाही ऐकू दिलं. बाई म्हणाली, "नो वरीज. मला आजवर कुणी विचारलेलं नाही, विचारून सांगते." दोन दिवसांनी तिचा फोन आला, खरंच वाईट वाटून बोलत होती. त्यांच्याकडे पेटीतच लागतं, आणि आडवंच. बाकी हातात काय ठेवायचं, कपाळाला काय लावायचं, ते सगळं तुमच्या मनासारखं. मी आईला भीत भीत सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "चालेल. रोमला जायला एवढे तास बसले, आता आडवं व्हायला माझी काही हरकत नाही." मग म्हणाली, "पेटीचं लाकूड बघून घे मात्र. यांच्यासारखा माणूस घरात होता आणि मी प्लायवूडमध्ये जायची, असं नको."

लाकूड मी बघितलं आहे. तिला आवडेल. आत्ता ती मागच्या अंगणात उन्हात बसली आहे, शेजारच्या आजींना त्या खाटांबद्दल सांगते आहे, कुठली पुरुषाची, कुठली बाईची, आणि ती स्वतः बसली होती ती कुठली. तब्येत उत्तम आहे. हे सगळं कधी लागेल ते माहीत नाही, घाई कुणालाच नाही. फोल्डर मी फाडला. हे पत्र फाडणार नाही आणि पाठवणारही नाही. दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, आणि लिंबाखाली पोस्टमन जात नाही.

एक गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही. कागदांवर सही करताना त्या बाईने विचारलं, शेजारची जागा मोकळी आहे, कुणासाठी ठेवायची आहे का? ती खरं तर तुमची, अप्पा. मी माझं नाव लिहून आले. घरी तुमच्या जावयांशी अजून बोलले नाही.